धागा तुटताच थांबणारा माग
(स्वयंचलन आणि कुटुंबाचे आर्थिक स्वावलंबन : एक अभ्यास)

महोत्सवाच्या स्मरणिकेत पूर्वसुरींच्या कार्याचे स्मरण व्हावे हे उचितच आहे. परंतु न्यास ज्या कुटुंबांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर उभा असतो, त्या कुटुंबांचा उद्योगधंदा टिकला तरच न्यासाचे विद्यार्थी-साहाय्य आणि औषधोपचाराचे कार्य टिकते. म्हणून आजच्या प्रसंगी धंद्याविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागाचा व्यवसाय आहे. उद्यमबागेत ओतशाळा व यंत्रशाळा आहेत. पेठेत दुकाने आहेत. या सर्वांना गेल्या काही वर्षांत जे धक्के बसले ते गावातून आलेले नव्हते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे टाळेबंदी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि इंधन व धातू यांचे भाव उसळले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्याने अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली व युरोपच्या मालाला सुमारे दोन आठवडे अधिक लागू लागले. यांपैकी एकाही घटनेवर आपला अधिकार चालत नाही. मग आपल्या हाती काय आहे?

याचे एक उत्तर हल्ली सर्वत्र ऐकू येते : ‘काम यंत्रावर घाला, म्हणजे चिंता मिटली.’ हे उत्तर अर्धे खरे आहे. ते कोठवर खरे आहे हे एका कारखान्याच्या इतिहासावरून पाहू या.

जपानी सुताराचा माग

जपानमध्ये १८६७ साली एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा यांचा जन्म झाला. आजूबाजूच्या घरांतील स्त्रिया हातमागावर राबत असत, ते पाहून त्यांनी मागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला. १८९१ साली त्यांना लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले. पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२४ साली त्यांचा स्वयंचलित माग पूर्णत्वास आला.

या मागाचे दोन विशेष होते. धोट्यातील सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई. आणि उभा वा आडवा धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. वरवर पाहता पहिला विशेष मोठा वाटतो. परंतु खरे मर्म दुसऱ्यात आहे. साधा यंत्रमाग धागा तुटला तरी चालतच राहतो आणि सदोष कापड विणीत जातो. म्हणून प्रत्येक मागापाशी माणूस डोळे लावून उभा करावा लागतो. जो माग स्वतः थांबतो, त्याच्यापाशी उभे राहण्याचे कारण नाही. त्यामुळे एका कामगाराला तीस-तीस मागांवर देखरेख करता येऊ लागली. १९२९ साली प्लॅट ब्रदर्स या इंग्लंडमधील नामांकित कंपनीने या मागाचे हक्क मिळविण्यासाठी १ लक्ष पौंडांचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, त्यानेच जपानकडून मागाची विद्या विकत घ्यावी, हे नवलच होते.

स्वयंचलनाचा पहिला धडा येथे मिळतो. यंत्र केवळ वेगाने चालले म्हणजे ते स्वयंचलित झाले असे नव्हे. दोष उत्पन्न होताच जे थांबते आणि मालकाला हाक मारते, ते खरे स्वयंचलित.

यंत्र होते, पण रोकड नव्हती

साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचा धंदा आरंभिला व १९३७ साली ‘टोयोटा’ मोटार कंपनी स्थापन झाली. महायुद्धानंतर १९४९ साली जपानात चलनवाढ रोखण्यासाठी सरकारने कठोर धोरण स्वीकारले. पैसा दुर्मीळ झाला. कंपनीच्या मालमोटारी हप्त्यांवर विकल्या जात. ते हप्ते वेळेवर येईनात. कारखान्यात कुशल माणसे होती, यंत्रे होती, मालही तयार होत होता; परंतु कामगारांचे पगार भागविण्याइतकी रोकड राहिली नाही. बँकांनी एकत्र येऊन कर्ज दिले, पण अटी घालून. संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले आणि जून १९५० मध्ये किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियात युद्ध सुरू झाले व अमेरिकन सैन्याच्या मालमोटारींच्या मागणीने कंपनी सावरली.

वाचकांनी हा प्रसंग नीट ध्यानात घ्यावा. स्वयंचलित मागाच्या जनकाचा पुत्र, आणि तोच कर्जापायी पदावरून उतरला! कारखान्यात धागा तुटला तर माग थांबत होता. पण वसुलीचा धागा तुटला तेव्हा हाक मारणारे कोणी नव्हते. जगाच्या उलथापालथीने बुडविले आणि दुसऱ्या उलथापालथीने वाचविले. याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. पुढे या कंपनीने मोठी गंगाजळी राखण्याचा जो बाणा धरला, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

प्रथम वहीचा माग

म्हणून माझे सांगणे असे की, लहान व्यावसायिकाने स्वयंचलनाचा प्रारंभ कारखान्यात न करता कीर्द-खतावणीत करावा. एक उदाहरण घेऊ. एका यंत्रशाळेची मासिक विक्री ४ लक्ष रुपये आहे आणि पैसे सरासरी ७५ दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी त्याचे १० लक्ष रुपये लोकांच्या घरी अडकलेले असतात. हीच वसुली ४५ दिवसांत होऊ लागली तर अडकलेली रक्कम ६ लक्षांवर येते. ४ लक्ष रुपये मोकळे झाले! शेकडा १२ दराने कर्ज काढून धंदा चालत असेल, तर वर्षाला ४८,००० रुपये व्याज वाचले.

हे साधण्यास मोठे यंत्र लागत नाही. माल निघाला त्याच दिवशी बिल निघावे. मुदतीच्या आधी आठ दिवस व मुदतीच्या दिवशी ग्राहकास आपोआप स्मरणपत्र जावे. मुदत टळलेल्या येण्यांची यादी दर सोमवारी सकाळी मालकासमोर यावी. हिशेबाच्या साध्या संगणक-प्रणालीत आणि मोबाइलवर ही तिन्ही कामे होतात. आपल्याकडे भिडेपोटी पैसे मागण्यास संकोच वाटतो. यंत्राला भीड नसते, हा त्याचा गुणच मानावा. शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा हक्क बजावण्यासाठी बिलाची व माल पोचल्याची तारीख कागदावर असावी लागते. तोंडी व्यवहाराला कायद्याचे पाठबळ मिळणे कठीण.

यंत्राचे कर्ज आणि वाईट महिना

आता कारखान्यातील यंत्राचा विचार करू. वरील यंत्रशाळेचा स्थिर मासिक खर्च (भाडे, कायम पगार, घरखर्च) ६०,००० रुपये आहे, आणि विक्रीतून कच्चा माल, मजुरी इत्यादी वजा जाता शेकडा २५ रुपये उरतात असे समजू. मालकाने १५ लक्षांचे कर्ज शेकडा ११ दराने पाच वर्षांसाठी काढून स्वयंचलित यंत्र आणले. हप्ता सुमारे ३२,६०० रुपये. स्थिर खर्च ९२,६०० झाला. मजुरी वाचून शेकडा ३५ रुपये उरू लागले.

चांगल्या महिन्यात, ४ लक्षांच्या विक्रीवर, पूर्वी ४०,००० रुपये शिल्लक राहत. आता ४७,४०० राहतात. परंतु वाईट महिन्यात, विक्री २ लक्षांवर आली तर, पूर्वी १०,००० ची तूट येई. आता २२,६०० ची येते. विक्री ३ लक्ष २६ हजारांच्या वर राहील तरच हे यंत्र लाभाचे. त्याखाली गेली तर यंत्र नसलेलेच बरे होते.

याचा अर्थ यंत्र घेऊच नये असा मात्र नाही. हप्त्याचा आकडा ठरविताना चांगला महिना न पाहता वाईट महिना पाहावा, एवढाच याचा अर्थ. अंथरूण पाहून पाय पसरावेत. आणि हे अंथरूण टाळेबंदीच्या दिवसांत किती आखडले होते याची आठवण ठेवून पसरावेत. वसुलीतून मोकळे झालेले ४ लक्ष रुपये निराळ्या खात्यात ठेवले, तर हप्त्यासह चार महिन्यांच्या स्थिर खर्चाची तरतूद होते. ज्याच्यापाशी ही तरतूद आहे त्याने यंत्र जरूर घ्यावे. ज्याच्यापाशी नाही, त्याने आधी ती करावी. संकटात घरातील दागिना गहाण पडतो तो बहुधा हा क्रम चुकल्यामुळे.

साठ्याची हाक

तिसरी गोष्ट साठ्याची. एखादा सुटा भाग रोज ८ लागत असेल आणि मागविल्यापासून १५ दिवसांनी येत असेल, तर १२० नग आणि वर थोडी राखीव भर शिल्लक असतानाच नवी मागणी गेली पाहिजे. ही सूचना यंत्राने आपण होऊन द्यावी. मात्र वाट लांबून १५ चे ३० दिवस झाले तर हा आकडा २४० करणे हे माणसाचेच काम आहे. कमीत कमी साठ्यावर काम करण्याबद्दल टोयोटा प्रसिद्ध. परंतु २०११ च्या भूकंपानंतर पुरवठा तुटल्याचा अनुभव घेऊन तिने इलेक्ट्रॉनिक चिप्सचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवविला. २०२१ च्या आरंभी जगभर चिप्सची टंचाई झाली तेव्हा इतर अनेक कंपन्यांपेक्षा तिला प्रथम कमी झळ लागली.

यंत्रच थांबले तर?

तरीही यंत्रावर विसंबून झोपता येत नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी याच कंपनीचे जपानमधील सर्वच्या सर्व १४ कारखाने थांबले. कारण युद्ध नव्हते, भूकंप नव्हता. सुटे भाग मागविणाऱ्या संगणकांत माहिती साठविण्यास जागा उरली नव्हती! दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले.

आपल्या दुकानात अशी वेळ आली तर? हिशेबाची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, येण्याची यादी महिन्याला एकदा कागदावर काढावी, आणि हाताने बिल करण्याची सवय घरातील दोघांना तरी असावी. बेळगावकरांना हा धडा नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथेच सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ केला. १९१० साली येथील जागा सोडून त्यांना कुंडलच्या माळावर नव्याने मांडणी करावी लागली. जागा गेली तरी यंत्र उघडून, समजून घेऊन पुन्हा जुळविण्याची विद्या त्यांच्याबरोबर गेली, आणि त्या विद्येवर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

शेवटी कामगारांविषयी. यंत्राने वाचविलेला माणूस रस्त्यावर टाकणे सोपे असते. परंतु वसुली, तपासणी, नव्या ग्राहकाचा शोध ही कामे यंत्राला येत नाहीत. जुन्या माणसाला ती शिकविणे न्यायाचेही आहे आणि फायद्याचेही. कारण मालातील कोणता दोष कोठून येतो हे त्यालाच ठाऊक असते.

सारांश, वसुली आधी, गंगाजळी नंतर, यंत्र तिसरे. आणि यंत्राची विद्या सदैव आपल्या घरी, हा क्रम प्रत्येक कुटुंबाने पाळावा. सभासद बंधुभगिनींना एवढीच विनंती की, हा लेख वाचून झाल्यावर आज रात्री वही काढावी आणि दोन आकडे लिहावेत : आपले लोकांकडे किती येणे आहे, आणि विक्री एकदम बंद पडली तर घर व धंदा किती महिने चालेल. दुसरा आकडा सहाच्या वर असेल तर उत्तम. तीनच्या खाली असेल तर धागा तुटला आहे असे समजावे आणि माग थांबवून आधी तो जोडावा.