मखराची कमान लहान का झाली?

मुलांनो, यंदा आपल्या गणपतीच्या मखराच्या दोन्ही खांबांवर वेल होती, पण वरच्या कमानीवर नव्हती. ती कुठे गेली, असं तुमच्यापैकी तिघाचौघांनी मला विचारलं. दोन रविवार बसून ती तुम्हीच रंगवली होती, आणि प्रतिष्ठेच्या आदल्या रात्री अकरा वाजता मी ती चाकूने कापून काढली. का कापावी लागली हे सांगणं मला भाग आहे, कारण चूक माझी होती. पालकांनीही वाचावं. ही चूक घरोघरी होऊ शकते.

मखराचा आराखडा माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून पाठवला होता. तो आर्किटेक्ट आहे. कॉम्प्युटरवर कॅडच्या प्रोग्रॅममध्ये त्याने मखर काढलं, ए-४ कागदाच्या मापाची पीडीएफ केली आणि खाली लिहिलं, ‘प्रमाण १ : ५’. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा खऱ्या मखराचे ५ सेंटिमीटर. बाहेरची रुंदी १०० सेंटिमीटर आणि उंची १२५ सेंटिमीटर, एवढेच आकडे त्याने दिले होते. आतली मापं पट्टीने मोजून पाचाने गुणतील, असा त्याचा हिशेब. आम्हीही तेच केलं. कमानीची आतली उंची पट्टीवर ११.३ सेंटिमीटर भरली, म्हणून फोमबोर्ड ५६.५ वर कापला. रुंदी ८.५ भरली, म्हणून ४२.५. प्रत्येक खांब ५.२, म्हणजे २६.

त्या वेळी पाचव्या ग्रेडमधली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, २६ आणि ४२.५ आणि २६ यांची बेरीज साडेचौऱ्याण्णव येते. वर तर १०० लिहिलंय.” मी म्हणालो, “पट्टीने मोजताना थोडं इकडेतिकडे होतंच,” आणि उरलेले साडेपाच सेंटिमीटर दोन्ही खांबांना वाटून टाकले. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाने हे बोलावं, याची मला अजून लाज वाटते. पट्टीची चूक मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. साडेपाच सेंटिमीटर म्हणजे काहीतरी मुळातच बिघडलेलं असतं.

शुक्रवारी रात्री मूर्ती आणली. मुकुटासकट उंची ५८ सेंटिमीटर. कमान ५६.५. बाप्पा काही केल्या आत जाईनात! भावाला फोन लावला तेव्हा पुण्यात सकाळ होती. तो म्हणाला, “दादा, मी तर कमान ६० ची काढली होती.” साडेतीन सेंटिमीटर वरून कापावे लागले आणि वेल त्यातच होती.

आता ते साडेतीन सेंटिमीटर कुठे गेले ते पाहू. भारतात घरच्या प्रिंटरला लागतो तो ए-४ कागद, २१० बाय २९७ मिलिमीटर. इथे अमेरिकेत आपण वापरतो तो लेटर, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला कागद रुंदीला किंचित जास्त, पण उंचीला जवळजवळ १८ मिलिमीटर कमी. प्रिंट करताना पडद्यावर ‘फिट’ या शब्दापुढे खूण होती. मी ती तशीच राहू दिली. प्रिंटरने आज्ञाधारकपणे सगळं चित्र ९४ टक्क्यांवर आणलं. २७९ भागिले २९७ करून पाहा. भावाच्या कागदावर कमान १२ सेंटिमीटर होती, माझ्या कागदावर ती ११.३ झाली.

गंमत अशी की चित्र पाहून काहीच कळत नाही. सगळंच सारख्या प्रमाणात बारीक होतं, त्यामुळे ते हुबेहूब दिसतं. ‘१ : ५’ ही अक्षरंही थोडी बारीक झाली, पण अक्षरं बारीक झाली म्हणून त्यांचा अर्थ बदलत नाही. कागद सांगत होता १ : ५, आणि खरा होता १ : ५.३. मी ‘फिट’ऐवजी शंभर टक्क्यांवर छापलं असतं तर भावाची नावाची चौकट तळाशी कापली गेली असती, एवढंच. मखराचं चित्र २५ सेंटिमीटर उंच होतं, ते लेटरवर आरामात बसलं असतं.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकलो ते मिनी ड्राफ्टर लावून, मोठ्या शीटवर. तिथे आधी कागद, मग प्रमाण आणि मग पेन्सिल. प्रमाण चुकीचं निवडलं तर चित्र कागदाबाहेर जायचं आणि सगळं पुन्हा काढायचं. कॅडमध्ये उलटं आहे. तिथे वस्तू खऱ्या मापाने काढतात. मखर १०० सेंटिमीटर तर १०० च लिहायचं, इमारत ६० फूट तर ६० फूट. कॉम्प्युटरच्या आत कागदच नसतो, म्हणून प्रमाणही नसतं. प्रमाण येतं ते छापताना.

समजा आपल्याला ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद हॉलचा नकाशा छापायचा आहे. इथले आर्किटेक्ट ‘पाव इंचाला एक फूट’ असं प्रमाण वापरतात. एका फुटात १२ इंच आणि इंचात चार पाव इंच, म्हणून हे १ : ४८. हॉल कागदावर १५ बाय १० इंच होईल. लेटरवर मावणार नाही, ११ बाय १७ वर जेमतेम मावेल. लेटरच हवा असेल तर ‘एक अष्टमांश इंचाला एक फूट’ घ्या. हॉल साडेसात बाय पाच इंच होईल आणि भोवती जागाही उरेल. कागद भरून दिसावा म्हणून मधलंच १ : ७३ असलं प्रमाण कोणी घेत नाही. तसल्या प्रमाणाची पट्टीच बाजारात मिळत नाही!

अक्षरांचं मात्र वेगळं असतं. छापलेल्या कागदावर अक्षर एक अष्टमांश इंच उंच हवं असेल, तर १ : ४८ साठी कॉम्प्युटरमध्ये ते ६ इंच उंच काढावं लागतं. पूर्वी हा गुणाकार दरवेळी हाताने करावा लागे. ऑटोकॅडमध्ये १९९० साली ‘पेपर स्पेस’ आली. ती म्हणजे चित्रासमोर धरलेला, खऱ्या मापाचा कागदच. त्या कागदाला खिडकी पाडायची, खिडकीतून वस्तू कोणत्या प्रमाणात दिसावी ते ठरवायचं, आणि अक्षरं कागदावर त्यांच्या खऱ्या उंचीने लिहायची.

ए-४ कागदात एक सुंदर युक्ती दडलेली आहे. त्याची लांबी भागिले रुंदी करा, १.४१४ येईल, म्हणजे २ चं वर्गमूळ. तो मधोमध दुमडला की ए-५ होतो आणि त्याचंही उत्तर तेच. म्हणून ए-३ वरचं चित्र ७१ टक्क्यांवर आणलं की ते ए-४ वर काठोकाठ बसतं. जर्मनीने १९२२ मध्ये हे प्रमाण कागद ठरवला. आपला लेटर १.२९ आणि त्याची दुमडलेली घडी १.५५. म्हणून ११ बाय १७ चं चित्र लेटरवर आणताना ६४ टक्के घ्यावे लागतात आणि बाजूला रिकामी पट्टी उरते. हा अंक झेरॉक्स करणाऱ्या मावशींना विचारा, त्या दर महिन्याला त्या पट्टीवर चिडतात. पण दोन पायऱ्या एकदम उतरलं तर इथेही हिशेब जमतो. २२ बाय ३४ चा मोठा नकाशा ५० टक्क्यांवर ११ बाय १७ होतो आणि पाव इंचाचा फूट बरोबर एक अष्टमांश इंचाचा होतो.

मग उपाय काय? महाराष्ट्रात शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशाची तीन प्रमाणं शिकवतात. शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. नकाशा लहानमोठा केला तर पहिली दोन खोटी ठरतात, कारण ती नुसती अक्षरं. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबर आखडतं आणि नकाशाबरोबरच वाढतं, म्हणून ते खरं राहतं. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! आता भाऊ प्रत्येक कागदावर १० सेंटिमीटरची एक रेघ काढून पाठवतो आणि आम्ही काहीही कापण्याआधी ती मोजतो. आतली मापंही आकड्यांत लिहितो.

या पानाच्या उजव्या कडेला मी हाताने एक रेघ ओढली आहे. ओढली तेव्हा ती बरोबर १० सेंटिमीटर होती. झेरॉक्सनंतर तुमच्या हातात ती किती पोचली ते मला ठाऊक नाही. घरी पट्टीने मोजा, किती टक्के झाली ते काढा आणि पुढच्या रविवारी वहीत लिहून आणा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही अंक शेजारी ठेवून आपण वर्गात पाहू. या वेळी बेरीज तपासायचं काम त्या पाचव्या ग्रेडमधल्या मुलीकडे.