गणवेश एकच, तरी भेद का दिसतो?

प्रश्न : मुलगा मस्कतच्या भारतीय शाळेत पाचवीत आहे. गणवेश सारखा असला तरी बूट-दप्तरावरून मुलं एकमेकांना जोखतात. मग गणवेशाचा उपयोग काय?
– एक पालक, रुवी

उत्तर : उपयोग आहे, पण गणवेश सगळं झाकत नाही. ओमानच्या सरकारी शाळा पाहा. त्यांत शिक्षण मोफत आहे. तिथे मुलगे पांढरा दिशदाशा (पायघोळ अंगरखा) आणि कुम्मा टोपी घालतात. हा एरवीचाही पोशाख असल्याने तो शाळेबाहेरही वापरता येतो. तरी हाताने भरतकाम केलेला कुम्मा यंत्रावरच्या कुम्म्याहून कितीतरी महाग असतो, आणि मुलांच्या ते लक्षात येतं.

महाराष्ट्रात सरकारी शाळांत गणवेश मोफत मिळतो. पण २०२४ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत तो अनेकांना उशिरा मिळाला. अखेर गणवेश देण्याची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. गणवेश वेळेवर आणि परवडेल असा मिळाला, तरच तो समता आणतो.

तुमची शाळा फीवर चालते, म्हणून तिथे बदल पालकांनीच सुचवायला हवा. पालकसभेत तीन गोष्टी मांडा. बुटांचा फक्त रंग ठरवावा, ब्रँड नको. तोकडे झालेले चांगले गणवेश गोळा करून ते कुणालाही, कारण न विचारता, घेता यावेत. गणवेशात काही कमी असेल तर शिक्षकांनी मुलाला वर्गात न टोकता पालकांशी बोलावं.

आणि घरात कुणाचीही त्याच्या वस्तूंवरून पारख करू नका. मुलं ती सवय आपल्याकडूनच उचलतात.