जुनी डिझेल टाकी काढताना



आमच्या भागात वीज येण्याआधी नदीकाठच्या उपसा योजना इंजिनावर चालत. पुढे मोटारी बसल्या, इंजिने भंगारात गेली, पण डिझेलच्या लोखंडी टाक्या कुठे मातीत, कुठे विटांच्या ओट्यावर तशाच राहिल्या. आता लागणीसाठी रान मोकळे करताना, ठिबकचे फिल्टर बसवताना त्या आड येतात. मग गावातला एखादा ठेकेदार गाठून "घेऊन जा बाबा" असे सांगितले जाते. त्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

मागे एका सभासदाच्या मळ्यावर आम्ही ऊसनोंदीला गेलो असता वेल्डर गॅस कटर पेटवून टाकीवर बसलेला दिसला. "साहेब, दहा वर्षं रिकामी आहे," असे उत्तर मिळाले. आम्ही काम थांबवले. झाकण उघडून काठी घातली, तर तळाला चार बोटे काळा गाळ निघाला.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकामीत हवा असते आणि गाळही असतो. कटरच्या उष्णतेने गाळाची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि ठिणगीने एकदम भडका होतो. पत्रा फुटून माणूस जागीच जातो. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचते. आत उतरलेला गडी गुदमरतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून आत कुणी उतरायचे नाही.

ठेकेदार ठरवताना हे पाहा :

१) पूर्वी अशी टाकी काढली आहे काय? कुठे? त्या शेतकऱ्याला जाऊन विचारा. आपल्या ओळखीचा आहे एवढ्यावर जाऊ नका.

२) उरलेले तेल व गाळ बाहेरूनच पंपाने काढून झाकणाच्या पिंपात भरावा. चारीत, ओढ्यात, विहिरीजवळ थेंबही सांडू नये. विहिरीत तेल उतरले की पाण्याला वास लागतो. ते ना जनावरांना चालते, ना माणसांना. टाकी धुतलेले पाणीही पिंपातच जावे.

३) जागेवर कापाकापी नको. टाकी अखंड उचलून न्यावी. नेताना तोंडे बंद करून वरच्या बाजूला एक बारीक छिद्र मोकळे ठेवावे, म्हणजे उन्हात आत दाब धरणार नाही.

४) तेलाचा गाळ हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच गेला पाहिजे. पोहोच मागून घ्या.

५) गड्यांचा विमा आहे का, ते विचारा. सर्व अटी कागदावर लिहून सह्या घ्या. थोडा इसार द्या, बाकी रक्कम खड्डा बुजवल्यावर.

आता हिशेब. "भंगार माझे, मजुरी नको" असे ठेकेदार म्हणतो, तेव्हा आधी वजन काढा. ५ मि.मी. जाडीचा १ चौरस मीटर पत्रा सुमारे ३९ किलो भरतो. ४ फूट व्यासाची, साडेसहा फूट लांबीची टाकी घेतली तर दोन्ही झाकणे धरून पावणेदहा-दहा चौरस मीटर पत्रा होतो. म्हणजे वजन साधारण ३८० किलो. गंजून गेलेले वजा करा आणि त्या दिवसाच्या भंगार दराने गुणा. मग सौदा आपल्या फायद्याचा की त्याच्या, ते कळेल.

खड्ड्यातली माती काळी पडली असेल, डिझेलचा वास येत असेल, तर ती बांधावर पसरू नका. वेगळी काढून ताडपत्रीवर झाकून ठेवा, आणि गाळ नेणाऱ्यालाच तीही दाखवा.

भंगाराचे चार पैसे कमी आले तरी चालतील. पण आपल्या मळ्यावर कामाला आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे. शंका असल्यास गट ऑफिसात या. आम्ही काम सुरू होण्याआधी येऊन टाकी पाहू.

— ऊस विकास अधिकारी