पळसाला पाने तीनच! : संगणकावर झाडांची शैलीदार चित्रे



मुलांना संगणकावर झाड काढायला सांगा. बहुतेक वेळा तपकिरी खोड, त्यावर हिरवा ढग आणि शेजारी गोल पाकळ्यांचं फूल! कुठलं झाड विचारलं, तर उत्तर येतं, "झाडच आहे." दारात कडुनिंब, रस्त्यावर पिंपळ आणि चित्रात मात्र बिननावाचं झाड. यासाठी चौथीपासूनच्या मुलांना जमेल असा एक उपक्रम देत आहे. परिसर अभ्यास आणि चित्रकला दोन्ही यात साधतात.

शैलीदार चित्र म्हणजे हुबेहूब चित्र नव्हे. बारकावे गाळायचे, पण ओळख ठेवायची. वारली चित्रांत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड तयार होतं. काय गाळायचं हे कळायला आधी नीट बघावं लागतं.

1. पान हातात घ्या
गळून पडलेली पानं गोळा करा. प्रत्येक पानाची दोन वैशिष्ट्यं मुलांनाच शोधू द्या.

- पिंपळ : हृदयासारखा आकार, शेपटीसारखं लांब टोक.
- आपटा : दोन भाग जोडल्यासारखं पान, टोकाला खाच.
- पळस : एका देठावर तीन पर्णिका. म्हणूनच तर ती म्हण!
- कडुनिंब : करवतीसारखी कड, कोयत्यासारखी बाकदार पर्णिका.

2. कागदावर कमीत कमी रेषा
पेन्सिलने पान काढा. मग एकेक रेषा खोडत जा. कोणती रेषा खोडल्यावर पिंपळ पिंपळ राहत नाही? टोकाची! तीच चित्रात जपायची.

3. आता संगणक
शाळेतल्या संगणकावरचं पेंट पुरेसं आहे. घरी मोबाईलवर चित्रकलेचं कोणतंही साधं ॲप चालेल. पेंटमध्ये कर्व्ह टूलने पिंपळाचं अर्धं पान काढा. ते सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट करा, फ्लिप हॉरिझॉन्टल करा आणि पहिल्या अर्ध्याला जोडा. ट्रान्सपरंट सिलेक्शन चालू ठेवा, नाहीतर पांढरा भाग आधीची रेषा झाकतो. रंग भरताना तो पानाबाहेर सांडला, तर बाह्यरेषेत कुठेतरी फट आहे, ती मुलांना शोधू द्या. रंग तीनच वापरा.

इथे एक गंमत करा. हीच युक्ती कडुनिंबाच्या पर्णिकेवर करायला सांगा. पर्णिका सरळ, दोन्हीकडे सारखी होते आणि कडुनिंब हरवतो! कारण त्याच्या पर्णिकेच्या दोन बाजू सारख्या नसतात, तळाशी तर फरक स्पष्ट दिसतो. संगणक आरसा धरतो, पण तो कुठे चालेल हे आपल्या डोळ्यांनीच ठरवायचं. तयार स्टिकर चिकटवून हा धडा मिळणार नाही.

4. मूल्यमापन
चित्र किती सुंदर यावर गुण नकोत. नाव न सांगता चित्र वर्गमित्राला दाखवा. त्याने झाड ओळखलं, तर चित्र जमलं. नाही ओळखलं, तर पान पुन्हा हातात घ्यायचं आणि काय सुटलं ते शोधायचं.

पालकहो, "मोबाईल ठेव" असं सांगण्याआधी एकदा "खालून एक पान घेऊन ये, त्याचं चित्र काढू" असं म्हणून पाहा. चित्र होईल तेव्हा होईल, निदान दारातल्या झाडाचं नाव तरी मुलाला कायमचं कळेल.