काडतूस महाग झालं तेव्हा

महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला आलेले पाहुणे जेवताना एक प्रश्न हमखास काढतात. "भद्रावतीला दारूगोळ्याचा एवढा मोठा कारखाना, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरा, अन् तुले म्हणे बारा बोअरची काडतुसं भेटत नाहीत?"

भेटत नाहीत. भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत तोफांचे गोळे भरले जातात, छर्ऱ्यांची काडतुसं नाहीत. बारा बोअरचं देशी काडतूस, ज्याला सगळे बंदूकवाले 'शक्तिमान' म्हणून ओळखतात, ते पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातलं. तो कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी, भद्रावती, वरणगाव हे सगळे म्युनिशन्स इंडिया या एकाच कंपनीत गेले. तिथं लष्कर आधी, पोलीस नंतर, आणि मी सगळ्यांच्या मागे. देशात दारूगोळा भरपूर बनतो, याचा माझ्या पेटीशी संबंध नाही, हे एकदा मान्य केलं की निम्मी चिडचिड संपते.

मी क्ले, म्हणजे उडत्या तबकड्यांची नेमबाजी, खेळतो. घर वैनगंगेकाठी, नोकरी चंद्रपूरला, आणि रेंज परराज्यात, म्हणजे शौक तसा गैरसोयीचाच. शिवाय गडचिरोली जिल्ह्यात बंदुकीचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. भरमार बंदुका ठाण्यात जमा करा असं पोलीस गावोगाव सांगत आले, आणि लोकांनी त्या आणूनही दिल्या. अशा मुलखात 'मी हौसेनं उडत्या तबकड्या फोडतो' हे वाक्य समजावून सांगायला वेळ लागतो. ज्यांना हौस आहे, किंवा ज्यांच्याकडे पीक राखायला परवान्याची दुनळी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गेल्या काही वर्षांत काडतुसांची टंचाई दोघांनाही सारखीच भासली.

आधी हिशेब. तबकडी ११ सेंटीमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची, चुनखडीची भुकटी आणि डांबरी राळ मिसळून केलेली. ट्रॅप या प्रकारात ती ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं तुमच्यापासून दूर पळते. एक राऊंड २५ तबकड्यांचा. पहिला बार हुकला तर दुसरा मारता येतो, म्हणून राऊंडला २५ पासून ५० पर्यंत काडतुसं जातात. स्पर्धेची प्राथमिक फेरी १२५ तबकड्यांची. आता परवान्याचं पुस्तक उघडा. त्यात दोन आकडे असतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. पीकसंरक्षण किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावर वर्षाचा आकडा पन्नास, शंभर, फार तर दोनशे. म्हणजे पूर्ण स्पर्धेइतका एकच सराव केला तर वर्षाचा कोटा संपल्यात जमा. पदक मिळवलेल्या नामांकित नेमबाजांना नियमांत वेगळी सवलत आहे, जास्त हत्यारं, जास्त काडतुसं, आयातीची सोय. ती असायलाच हवी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं मिश्र स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या प्रकारातलं कांस्य ४३-४४ असं एका तबकडीनं गेलं. त्या एका तबकडीमागे सरावाची किती काडतुसं असतात ते खेळणाऱ्यालाच कळतं. पण राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी करणारे गणेश वासुदेव मावळणकर, आपले पहिले लोकसभाध्यक्ष, यांच्या नावाच्या स्पर्धेपर्यंतही न पोचलेला हौशी माणूस दुकानाच्या भावानंच घेतो. टंचाईचा पहिला फटका त्याला.

भाव का चढले? काडतूस उघडून पाहिलं की उत्तर सापडतं. क्लेच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसं असतं. २५ काडतुसांत ६०० ग्रॅम, प्राथमिक फेरीत किमान तीन किलो. शिशाचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि रुपया घसरत गेला. २०२१ मध्ये ७४ च्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. इटली किंवा सायप्रसहून आलेल्या पेटीवर तो फरक आधी बसतो, मग वाहतूक, मग कर.

पण खरी अडचण दारूची. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कापसापासून. जिनिंग झाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तिच्यापासून. विदर्भात जन्म काढलेल्या माणसाला हे कळल्यावर जरा हसू येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपातल्या कारखान्यांना १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची मागणी पुरवता पुरवेना. त्या गोळ्याला ढकलणारी दारूही नायट्रोसेल्युलोजचीच, आणि युरोपाला लागणारी लव मोठ्या प्रमाणात चीनहून जाते. तोफ आणि तबकडी एकाच गोदामाच्या दारात उभ्या राहिल्या तर माल कुणाला मिळणार? त्याच्या दोन वर्षं आधी, कोरोनाच्या काळात, अमेरिकेत काडतूस पेटवणाऱ्या टोप्यांचा आणि काडतुसांचा दुष्काळ पडला होता. एकातून बाहेर पडतो तोवर दुसरं आलं. भाव लवकर उतरतील असं मला दिसत नाही, आणि जे कायम राहणार त्याच्याशी जुळवून घेण्याची रीत तात्पुरत्या अडचणीपेक्षा वेगळी असते.

भाव वाढला म्हणून माणसं खेळ सोडत नाहीत. ती काटकसर सुरू करतात, आणि नेमकी काडतुसातच करतात. इथं सांभाळायचं.

एका हिवाळ्यात शक्तिमान कुठंच मिळेना. एका दुकानदारानं माझ्या आजोबांच्या दुनळीसाठी विलायती काडतुसं पुढं केली, ७० मिलिमीटरची. परवान्यावर नुसतं '१२ बोअर' लिहिलेलं, काडतूसही बारा बोअरचं. कागदात खोट काहीच नाही. बंदूक तेव्हा दुरुस्तीला होती म्हणून मी ते खोकं घेऊन मिस्त्रीकडे गेलो. म्हाताऱ्या मिस्त्रीनं नळ्या खाली उतरवल्या, पोटाखालचे ठसे चष्म्याजवळ धरून वाचले आणि म्हणाला, "बाबू, हे घर पासष्टचं आहे. हे यात टाकू नको."

मी काडतूस घालून दाखवलं. आरामात बसलं. "बसते बरोबर," तो म्हणाला, "अन् तिथंच तर घात होते."

काडतुसावर लिहिलेली लांबी बार उडाल्यानंतरची असते, तोंड उघडून सरळ झालेल्या टरफलाची. न झाडलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार मावतं. बार उडतो तेव्हा ते तोंड उघडायला जागा मागतं. पुढं चेंबर संपून नळी निमुळती झालेली असते. टरफलाची कड त्या अरुंद जागेत घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब भलताच वाढतो. जुन्या विलायती दुनळ्या बहुधा अडीच इंची, म्हणजे पासष्टच्या. विदर्भात आजोबा-पणजोबांकडून आलेल्या अशा बंदुका अजून कित्येक घरांत आहेत. टंचाईत दुकानात आयात माल तेवढा उरतो, आणि तो बहुतेक सत्तरचा. तुमच्या बंदुकीचं चेंबर किती, हे एकदा जाणकाराकडून मोजून घ्या आणि परवान्याच्या पुस्तकात चिठ्ठी लावून ठेवा. वीस बोअरची काडतुसं घरात असतील तर ती त्याच डब्यात ठेवू नका. ती पिवळी असतात ते याचसाठी. बाराच्या नळीत वीसचं घरंगळत पुढं जाऊन अडकतं, बंदूक रिकामी वाटते, आणि मागून बाराचं भरलं जातं.

दुसरी काटकसर जुन्या काडतुसांची. आमच्याकडं गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की नदी फुगते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि ठेवलेली काडतुसंही. शेजारच्या गावातल्या एका काकांनी ट्रंकेतली जुनी काडतुसं धानाला आलेली रानडुकरं हुसकायला काढली. मी मचाणावर त्यांच्याजवळ होतो. पहिल्या बाराचा आवाजच आला नाही, नुसतं फुस्स. काकांना वाटलं, काडतूस नासकं निघालं. त्यांनी टरफल काढून त्याच नळीत दुसरं भरायला घेतलं. मी हात धरला. नळीतून टॉर्च मारली तर पलीकडं उजेड नाही; वाड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधली गादी, मधोमध अडकलेली. त्यावर दुसरा बार उडाला असता तर नळी फुटली असती, आणि डावा हात नेमका तिथंच असतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला, धक्का कमी वाटला, तर बंदुकीचं तोंड मोकळ्या जागेकडे धरून थांबा, उघडा, नळीतून आरपार पाहा. रेंजवर हे करताना मागची माणसं कुरकुर करतात. करू द्या.

हे बोलताना काकांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली, तुम्हालाही सांगतो. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे पारधीचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि रोही यांच्याबद्दल राज्यानं नियम केलेले आहेत, पण मारायची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. जंगलाच्या कडेला पडलेलं एक टरफल आमच्या जिल्ह्यात वनरक्षकापासून पोलीस ठाण्यापर्यंत फिरतं आणि शेवटी परवानाधारकाच्या दारात येतं.

तिसरी काटकसर उसनवारीची, आणि ही सगळ्यांत गोड दिसते. "माझ्याकडे पन्नास पडली आहेत, घेऊन जा, पुढच्या महिन्यात परत दे." दोघेही परवानाधारक, दोघेही सज्जन. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ काडतुसाची विक्री आणि हस्तांतर यांनाही लागू आहे. खासगी वापरासाठी घेतलेली काडतुसं दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. मित्राच्या काडतुसांची नोंद त्याच्या पुस्तकात, टरफलं माझ्या पिशवीत. हे विचारणाऱ्याला समजावून सांगता येत नाही. घरी टरफलं पुन्हा भरून देणारेही भेटतात. विनापरवाना ते काडतूस बनवणंच झालं, आणि दारूचं माप चुकलं तर कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मग वाचवायचं कुठं? बार वाचवा. क्लेचं अर्धं काम ट्रिगरच्या आधी होतं: बंदूक खांद्याला एकाच जागी येणं, गाल एकाच जागी टेकणं, नजर तबकडीवर राहणं, नळीचं फिरणं न थांबणं. हे सगळं घरी, खोटी काडतुसं घालून, बंदूक दोनदा उघडून तपासल्यावर, आरशासमोर होतं. भिंत आणि छत जिथं मिळतात त्या रेषेवरून नळी फिरवायचा सराव कंटाळवाणा आहे, पण फुकट आहे. माझा पहिला बार त्यानं सुधारला, आणि दुसऱ्या बाराची गरज कमी झाली तशी राऊंडमागची काडतुसंही कमी झाली. सरावाच्या राऊंडला मी आता दुसरा बार भरतच नाही. चुकली ती चुकली. स्कीटमध्ये तर नियमानंच एका तबकडीला एक बार, हौशी माणसाला ते स्वस्त पडतं.

खरेदी एकट्यानं करू नका. क्लबच्या परवान्यावर आलेली काडतुसं रेंजवर घ्या, रेंजवरच संपवा, उरलेली परत करा; तुमचा वैयक्तिक आकडा त्यानं वाचतो. हिवाळ्यात स्पर्धा सुरू झाल्या की मागणी चढते, म्हणून आमची मंडळी पावसाळ्यातच पैसे गोळा करून मागणी नोंदवतात. एका स्पर्धेपुरती तरी एकाच कंपनीची, एकाच बॅचची काडतुसं ठेवा. आणि बिल. रोखीत, बिलाशिवाय, 'साहेब तुमच्यासाठी' म्हणून मिळणारी पेटी कितीही स्वस्त असली तरी गडचिरोलीच्या माणसानं तिला हातही लावू नये. काडतूस कुठून आलं हा प्रश्न इथं कुणी सहज म्हणून विचारत नाही.

परराज्यातल्या रेंजवर जायचं तर परवान्याची हद्द आधी वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजकडे निघालेला माणूस मी पाहिला आहे. तो नागपुरातूनच परतला. निवडणुका आल्या की हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये एप्रिलला लोकसभा आणि नोव्हेंबरला विधानसभा, असे एकाच वर्षात दोन फेरे झाले. जमा करताना काडतुसंही मोजून द्या, पावतीवर संख्या आणि प्रकार लिहून घ्या, परत घेताना तिथंच मोजा. त्या काळात नवी खरेदी करू नका.

राहिली आजोबांची कागदी काडतुसं, म्हणजे पितळी बुडाची, फुगलेली, लाल रंग उडालेली. ती महाग आहेत, दुर्मीळ आहेत, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना हवी असतात, असं कुणीतरी सांगेलच. माझ्या पुस्तकात त्यांची नोंद नव्हती. आजोबांच्या जुन्या परवान्यात होती. वाळवायला उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, फोडून आत काय आहे ते पाहू नका. संख्या लिहिलेला अर्ज आणि जुन्या परवान्याची प्रत घेऊन आधी ठाण्यात जा, काडतुसं कशी आणायची ते तिथं विचारा, आणि जमा केल्याची पोच शिक्क्यासह मागून घ्या.