वर्षावासातील ग्रंथवाचन आणि वेळेचा हिशेब

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन विहाराविहारांतून सुरू होते. आरंभी उत्साह दांडगा असतो. पुढे पाऊस वाढतो, पंचगंगेला पूर येतो, मुलांच्या चाचण्या लागतात आणि आश्विन पौर्णिमा तोंडावर आली तरी सातवा खंड संपलेला नसतो. राजारामपुरीत आमचेही एका वर्षी असेच झाले. समारोपाला एका वृद्ध उपासिकेने विचारले, "पोरांनो, आठव्या खंडात काय हाय? त्यो ऱ्हायलाच की!" त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. आम्ही वाचला नाही, म्हणजे तिच्यापुरता तो खंड लिहिलाच गेला नव्हता. भगवंतांचे व्यक्तिमत्त्व, त्यांची करुणा, दारिद्र्याविषयीची त्यांची नावड, हे सारे नेमके त्याच खंडात आहे. रोज हिशेब ताळ्यावर आणणाऱ्या आम्हांला हा साधा हिशेब सुचू नये, याची लाज वाटली.

असा हिशेब पूर्वीही होता. पाली वाङ्मयात ‘भाणवार’ नावाचे माप आहे. धम्म मुखोद्गत ठेवणारे भिक्खू ते भाणक, आणि ते एका वेळी जेवढे म्हणत तो भाणवार. परंपरेने ३२ अक्षरांची गाथा धरून अशा २५० गाथांचा, म्हणजे ८,००० अक्षरांचा एक भाणवार मानतात. अट्ठकथेत दीघनिकायाचे ६४ आणि मज्झिमनिकायाचे ८० भाणवार सांगितले आहेत. महापरिनिब्बान सुत्त सहा भाणवारांचे आहे. मिनिटाला २०० अक्षरे धरली तर एक भाणवार ४० मिनिटांत होतो. श्रोत्यांचे चित्त किती वेळ टिकते, हे त्या मंडळींनी ओळखले असावे.

अक्षरे मोजण्यात शहाणपणही आहे. इंग्रजीत मिनिटाला किती शब्द असा हिशेब करतात. मराठीत तो फसवा ठरतो. ‘विहारातल्यांसाठीसुद्धा’ हा आपला एकच शब्द. इंग्रजीत त्याला पाच-सहा शब्द लागतील.

त्याहून सोपे म्हणजे घड्याळ. कथेचे एक पान, उपदेशाचे एक आणि प्रश्नोत्तरांचे एक, अशी तीन पाने मोठ्याने वाचून सरासरी काढावी. मनात वाचून काढलेला वेळ येथे उपयोगाचा नाही. मोठ्याने वाचताना तो वाढतोच. आवृत्तीगणिक पाने बदलतात, म्हणून समजा पाने ४०० आणि पानाला ४ मिनिटे, तर एकूण १,६०० मिनिटे. रोज २० मिनिटे वाचले तर ८० दिवस. तीन चांद्रमासांचे दिवस ८८-८९. उरलेले आठ-नऊ दिवस पावसाला, वाचकाच्या आजारपणाला आणि शंकासमाधानाला. त्यांतला एकही दिवस आधी खर्चू नये. ग्रंथातील वाक्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे आज कोठे थांबलो हे वहीत टिपणे सोपे जाते.

विद्यार्थ्यांनी हीच रीत क्रमिक पुस्तकाला लावावी; मात्र समजून घेण्याचा आणि टिपणे काढण्याचा वेळ वेगळा धरावा.

दुसऱ्या वर्षी आम्ही असा तक्ता करून विहाराच्या भिंतीवर लावला. आठवा खंड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्या उपासिकेला घरी जाऊन निरोप दिला.