शेपूची भाजी : आवड, नावड आणि किळस

पालेभाज्यांमध्ये शेपूइतके उघड दोन तट क्वचितच दुसऱ्या भाजीने पाडले असतील. मेथीच्या कडूपणाबद्दल थोडी कुरकुर होते. शेपूचे नाव काढताच मात्र एकाचा चेहरा खुलतो, तर दुसरा नाक मुरडतो. कवठे येमाईसारख्या शिरूर तालुक्यातील गावांत मुगाची डाळ, हिरवी मिरची आणि लसूण घालून केलेली शेपूची भाजी व बाजरीची भाकरी हे साधे, पोटभरीचे जेवण आहे. एकाच कढईतली ही भाजी एकाला हवीशी आणि शेजारच्याला नकोशी का वाटावी? अनेक घरांतली मुले जिथे एका पंगतीत बसतात, त्या निवासी शाळेत हा प्रश्न क्षुल्लक नाही. म्हणून विज्ञान आणि धम्म या दोन्ही अंगांनी आपण त्याचा विचार करू.

जीभ थोडे सांगते, नाक फार

जिभेला मुळात पाचच चवी कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि डाळी, टोमॅटो, मांस यांत आढळणारी रुचकर अशी पाचवी चव, जिला जपानी भाषेत ‘उमामी’ म्हणतात. तिखटपणा ही खरे पाहता चव नसून दाहाची संवेदना आहे. मग शेपूचा ‘शेपूपणा’ कुठून येतो? तो येतो वासातून. घास चावताना त्यातील उडनशील तेले घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचतात आणि मेंदू वास व चव एकत्र करून ‘स्वाद’ घडवतो. नाक चिमटीत धरून शेपूचा घास चावून पाहावा. मीठ-मिरची कळेल, शेपू जवळजवळ कळणार नाही. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागते, त्याचेही कारण हेच.

शेपू, कोथिंबीर, गाजर, जिरे, ओवा, बडीशेप आणि परदेशी सेलरी ही सारी एकाच कुळातील झाडे. त्यांचे वास तीव्र असल्याने त्यांच्याविषयीची मतेही तीव्र असतात. बाळंतशोपा म्हणजे शेपूचेच बी. त्यातील कार्व्होन या द्रव्याचा जुळा भाऊ पुदिन्याच्या एका जातीत सापडतो. दोन्ही रेणूंची घडण सारखी, फक्त डाव्या-उजव्या हातासारखी उलटी. तरीही वास अगदी निराळे. एवढ्या सूक्ष्म फरकाचीही दखल आपले नाक घेते.

जन्माने आलेले

सर्वांची जीभ सारखी नसते, हे 1931 मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाला योगायोगाने कळले. प्रयोगशाळेत एका द्रव्याची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच जाणवले नाही. या फरकामागचे जनुक 2003 मध्ये निश्चित झाले. कोबी, मोहरी यांच्या कडवटपणाची जाणीवही त्याच्याशी निगडित आहे. कोथिंबिरीचा वास काहींना साबणासारखा वाटतो. वास ओळखणाऱ्या जनुकांजवळील एका बदलाशी त्याचा संबंध असल्याचे 2012 मध्ये दाखवले गेले. मात्र त्या जनुकाचा वाटा लहानच निघाला. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या एका पाहणीत कोथिंबीर नावडणारे पूर्व आशियाई वंशाच्या तरुणांत 21 टक्के, तर दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत केवळ 7 टक्के आढळले. ज्या घरात आमटी-पोह्यांवर रोज कोथिंबीर पडते, तिथे तिची नावड कमी असावी, यात नवल नाही.

सवयीने घडलेले

फिलाडेल्फियातील ज्युली मेनेला या संशोधिकेने 2001 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत किंवा अंगावर पाजताना ज्या मातांनी नियमित गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या स्वादाचे अन्न खाताना कमी तोंडे वेडावली. आईच्या आहाराचा स्वाद गर्भजलातून व दुधातून बाळापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे बाळंतिणीला शेपूची भाजी आणि बाळंतशोपा देण्याची रीत आहे. त्या रीतीचा हेतू निराळा असला, तरी शेपूची पहिली ओळख अनेकांना आईच्या दुधातूनच होत असली पाहिजे.

दोन ते सहा या वयात मूल अनोळखी पदार्थाला घाबरते. कडू ते विषारी असू शकते, ही निसर्गाने दिलेली सावधगिरी त्यामागे असते. म्हणून ते मूल हट्टी ठरत नाही. बळजबरी न करता तोच पदार्थ थोडा थोडा आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढे आला, तर बहुतेक मुले तो स्वीकारतात. पालक मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच ‘याला शेपू आवडत नाही’ असा शिक्का मारतात आणि मूल तो शिक्का आयुष्यभर वागवते.

नावड आणि किळस

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने नावड आणि किळस या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवले. नावड चवीची असते, किळस कल्पनेची. नावडती भाजी ताटात शेजारी असली तरी आपण भाकरी खातो. किळस मात्र स्पर्शाने पसरते. ज्याला ती वस्तू लागली, तेही नकोसे होते. तान्ह्या बाळाला कडू चव नकोशी वाटते, पण किळस ठाऊक नसते. ती त्याला मोठी माणसे शिकवतात.

आपल्या समाजाला हे प्रयोगशाळेतून शिकण्याची गरज नव्हती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले. त्यानंतर ते तळे ‘बाटले’ म्हणून शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. पाण्याची चव आदल्या दिवशी होती तीच होती. विटाळ पाण्यात नव्हता; तो शिकवलेल्या किळसेत होता. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण हेच सांगते : माणूस नकोसे झाले की त्याच्या हातचे मीठही खारट लागत नाही. एखाद्या मुलाच्या डब्यातील भाजीला कोणी ‘गरिबांची भाजी’ म्हणून हसले, तर तिथे चवीचा प्रश्न संपतो आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा सुरू होतो. शहरात गेल्यावर शेपू, अंबाडी, तांदुळजा यांची लाज वाटू लागते, त्यातही चवीचा दोष थोडाच असतो.

धम्माची दृष्टी

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात स्पर्शानंतर वेदना आणि वेदनेनंतर तृष्णा सांगितली. जिभेला रसाचा स्पर्श होताच सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली वेदना उमटते; ती थांबवता येत नाही. ‘हवेच’ आणि ‘नकोच’ ही मात्र पुढची पायरी आहे, आणि तिथे स्मृती जागी ठेवता येते. विनयपिटकात भिक्षुणींना लसूण वर्ज्य करणारा नियम आहे. त्याची कथा अशी की, एका उपासकाने लसूण देऊ केला असता भिक्षुणी थुल्लनंदा हिने शेतातून बेसुमार लसूण नेला. त्या कथेत दोष लसणाच्या वासाचा नाही, हावरेपणाचा आहे.

तेव्हा शेपू सर्वांना आवडलाच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. तीन गोष्टींचा आग्रह मात्र आहे. मुलाला ‘खाच’ असे न म्हणता ‘एक घास चाखून पाहा’ असे म्हणावे, आणि तो घास पुन्हा पुन्हा पुढे ठेवावा. त्याने ‘मला आवडत नाही’ म्हटले तर ते मान्य करावे. ‘ही भाजी घाण आहे’ म्हटले तर तिथल्या तिथे थांबवावे, कारण पहिले वाक्य स्वतःविषयी असते आणि दुसरे ती भाजी पिकवणाऱ्या, रांधणाऱ्या व खाणाऱ्या माणसांविषयी. आणि मोठ्यांनी मुलांसमोर कोणाच्याही ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. आवडी-निवडी जिभेवर राहिल्या तर पंगत मोडत नाही.